पूर्वेचा किनारा राहून गेला

३ मार्च १९६३, बुलढाणा

रविवार असूनही साहेबांनी शिपाई पाठवून घरी बोलावलं आणि हुकूम हातात ठेवला. रोमला तीन महिन्यांचा अभ्यासक्रम. उताराच्या जमिनीवरचे बांध, माती अडवणे, पाणी जिरवणे. आपल्या मृदसंधारण खात्यातून दोघांची निवड झाली आहे, पुण्याचे नारायणराव लिमये आणि मी. सात वर्षं मोताळ्याच्या माळांवर बांध घालत फिरलो त्याचं चीज झालं म्हणायचं.

विमलला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बोटीत बसणार? तुम्ही तर समुद्रच पाह्यला नाही अजून."

खरं आहे. तीस वर्षांचा झालो, समुद्र पाहिलेला नाही. सगळ्यात जास्त आनंद मला त्याचाच झाला. हे कोणाला सांगितलं नाही.

१० मार्च, वडनेर भोलजी

मायला सांगायला आलो. वाटलं होतं तिला रोम म्हणजे काय ते समजणार नाही. पण इटली हा शब्द तिने बरोबर पकडला.

"इटली? गुलाब गेला तोच मुलूख ना बापू?"

गुलाबराव माझा थोरला भाऊ. दादा पलटणीत भरती झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि तो इटलीत पडल्याची तार आली तेव्हा दहाचा. तार वाचणाऱ्या मास्तरला मायने तेव्हा अंगणातून हाकलून दिलं होतं. "कागद मेला असन, माहा पोरगा नाही मेला," हे तिचं वाक्य आजही गावात लोक नकला करून सांगतात. तिने दादाचं दहावं करू दिलं नाही. सिंधूवहिनीला बांगड्या फोडू दिल्या नाहीत. वीस वर्षं झाली, वहिनी अजून रोज मायसमोर बसून कुंकू लावते. लावलं नाही तर माय जेवत नाही.

आज माय म्हणाली, "भेटला तर म्हण, घरी चाल आता. आणि नाहीच भेटला तर तिथची मूठभर माती आण मले."

निघताना वहिनी एस.टी.पर्यंत पोचवायला आली. रस्त्यात हळूच म्हणाली, "भाऊजी, तिकडे दगडावर नावं कोरून ठेवतात म्हणते, खरं काय?"

"असन. काऊन?"

"तुमच्या डोळ्यानं पाहून या. त्याहिचं नाव हाय का नाही ते. आन आत्याबाईले सांगा. माह्यावर नाही इस्वास त्याहिचा. तुमच्यावर ठेवतीन."

मी शब्द दिला. एवढ्या वर्षांनीही नवऱ्याच्या नावासाठी बाईचा जीव असा तुटतो. बसमध्ये माझे डोळे भरून आले.

२४ मार्च, बुलढाणा

वडनेरहून मायचा निरोप घेऊन येताना मोताळ्याला बस थांबली तर दवाखान्यातले कंपाउंडर वामनराव खिडकीशी येऊन उभे. मी आज इथून जाणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी पलटणीच्या कचेरीला लिहून विचारलं होतं म्हणे. दादाची तुकडी सांग्रो नावाच्या नदीवर लढली. नदी इटलीच्या पूर्वेच्या समुद्राला मिळते. तिथे टेकडीवर इंग्रज सरकारने पडलेल्या शिपायांच्या थडग्यांची मोठी जागा केली आहे, आपल्या जाळलेल्या शिपायांची नावंही आहेत.

"रोमहून आगगाडी हाय," ते म्हणाले. "डोंगर ओलांडून जाते. माणिकराव, तेवढं नक्की जाऊन या बरं."

माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. भला माणूस. बायको वारल्यापासून दुसऱ्यांच्या कामातच जीव रमवतो बिचारा.

१९ मे, रोम

बरेच दिवस लिहिलं नाही. अभ्यास भरपूर, भाषेची अडचण त्याहून भरपूर. नारायणराव मनाने चांगले आहेत, पण मी "जाऊन राह्यलो" म्हटलं की हसतात आणि जेवणाच्या टेबलावर इतरांना त्याची नक्कल करून दाखवतात. मीही हसतो.

इथे मला कोणी ओळखत नाही, ही गोष्ट मला फार आवडते. वडनेरला मी गुलाबरावचा भाऊ. शाळेत, बाजारात, लग्नात, "हा गुलाबचा धाकटा" अशीच ओळख. त्याचा सदरा, त्याची सायकल, त्याच्या बायकोच्या हातची भाकर. इथे लोक मला नुसतं माझ्या नावाने हाक मारतात, तेही चुकीचं उच्चारून.

७ जुलै, रोम

अभ्यासक्रम शुक्रवारी संपतो. बोट पुढच्या गुरुवारी नेपल्सहून सुटते. मधले पाच दिवस आमचे. सगळे जण नकाशे पसरून बसलेत. मोटार भाड्याने घेणं आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणजे जिथे आगगाडी, बस किंवा बोट जाते तिथेच जायचं.

नारायणरावांनी तीन किनारे काढले. उत्तरेला जिनोआच्या बाजूचा, तिथे डोंगरातून बोगदे काढून गाडी समुद्राला लागून जाते. पण तो दूर, आणि परत नेपल्सला यायला अख्खा दिवस. दुसरा नेपल्सच्या खालचा, सोरेन्तो आणि अमाल्फी. नेपल्सहून छोटी गाडी, पुढे बस, आणि बोट धरायला पुन्हा नेपल्स हाताशीच.

तिसरा मी सुचवला. म्हटलं, "पूर्वेकडे जाऊ. डोंगर ओलांडून गाडी जाते."

"पूर्वेला काय आहे?" नारायणराव म्हणाले. "सपाट वाळू आणि इथल्याच लोकांची गर्दी. गाड्याही रडत जाणाऱ्या. आणि तिकडून नेपल्सची बोट चुकली तर? अहो, काही खास आहे का तिकडे?"

मी म्हणालो, "नाही. असंच."

का म्हणालो असंच? "माझा भाऊ तिथे आहे" एवढंच म्हणायचं होतं. ते लगेच सोबत आले असते. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे. मला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी बोललो नाही.

११ जुलै, रोम

स्टेशनवर जाऊन चौकशी केली. पेस्काराला गाडी आहे. तिथून किनाऱ्याने दुसरी गाडी, मग एका लहान स्टेशनावर उतरायचं. पुढे टेकडीपर्यंत बस नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली, म्हणजे पायी. किती लांब, विचारलं तर त्याने खांदे उडवले.

उन्हाळ्यात मोताळ्याच्या माळावर दिवस दिवस चालणारा मी. पायी आहे म्हणून अवघड आहे, असं मी परत येऊन नारायणरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

१३ जुलै, नेपल्स

नेपल्सचंच तिकीट काढलं. मनाशी ठरवलंय की दोन दिवस अमाल्फीला काढून मी एकटा पूर्वेला जाईन आणि बोटीच्या आदल्या रात्री परत येईन. जमतं. वेळापत्रक पाहिलंय.

१५ जुलै, अमाल्फी

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे स्वतःलाच खरं वाटणार नाही.

बस कड्याच्या कडेने जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सरळ खाली समुद्र. वळणावर ड्रायव्हर भोंगा वाजवतो आणि समोरची बस मागे सरते. डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखे बांध घातलेत, दगडाचे, माणूसभर उंच, आणि प्रत्येक बांधामागे लिंबाची झाडं. लिंबं आपल्या पपनसाएवढी. वरची माती पाण्याने खाली जाऊ नये म्हणून शेकडो वर्षं लोकांनी डोक्यावरून दगड वाहिले. मी एका बांधावर बसून त्याचं चित्र काढलं. शेतकऱ्याने मला लिंबू कापून साखर लावून दिलं, सालासकट खायला.

दुपारी बोटीतून एका खडकापाशी गेलो. मला विहिरीतलं पोहणं येतं. कपडे काढले आणि उडी मारली. पाणी खारट, गार, आणि खालचा तळ दिसत होता. वर आलो तेव्हा मी ओरडत होतो. नारायणराव बोटीतून म्हणाले, "माणिकराव, तुम्ही हसताना वेगळेच दिसता हो!"

आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

१६ जुलै, अमाल्फी

आज सकाळी निघायला हवं होतं. निघालो नाही. नारायणरावांच्या पायाला खडक लागलाय, त्यांना एकटं कसं सोडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते लंगडत का होईना, सकाळपासून गावभर हिंडतायत. मी पुन्हा पोहायला गेलो.

खरं तेच लिहितो, ही वही कोणी वाचणार नाही. मला जायचंच नव्हतं. मला पाच दिवस कोणाचाही भाऊ व्हायचं नव्हतं.

१७ जुलै, नेपल्स

परतीच्या वाटेवर पॉम्पेई पाहिली. स्टेशनाबाहेर शेताच्या कडेची मूठभर माती रुमालात बांधून घेतली. काळी, हलकी, ज्वालामुखीच्या राखेची. बोटात चोळली तर करकरते. कशासाठी घेतली ते लिहीत नाही.

६ ऑगस्ट, वडनेर भोलजी

बोटीवर मी रोज ठरवत होतो की खरं सांगायचं. "जाणं झालं नाही, माय" एवढं तीन-चार शब्दांचं काम. मुंबईहून गाडीत बसलो तेव्हाही ठरलेलं होतं. नांदुऱ्याला उतरलो तेव्हाही.

पण अंगणात अर्धी गल्ली जमली होती. माय ओसरीवर बसली होती. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी. पाणी दिलं, पाय धुतले. मग माय म्हणाली, "पाह्यलं काय बापू?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"हाव," मी म्हणालो. "पाह्यलं, माय. दादाचं नाव हाय."

एकदा तोंडातून गेल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं. पांढरा दगड. टेकडी. खाली निळा समुद्र, तळ दिसणारा. बाजूला लिंबाची झाडं. वारा. सगळं मी पाहिलेलंच होतं, फक्त त्या जागेचं नव्हतं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. माझा आवाजही दाटला. तो खोटा नव्हता, हे सगळ्यात वाईट.

माती दिली. मायने ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाली, "आपल्यासारखीच काळी हाय व. मंग त्याले परकं नसन वाटलं."

मी मातीचा माणूस. नेपल्सची राख आणि वऱ्हाडची काळी यांत काय फरक आहे ते मी रोम शहरात फळ्यापुढे उभा राहून समजावून सांगितलं होतं.

१८ ऑगस्ट, वडनेर भोलजी

ज्ञानगंगेच्या काठी आज दादाचं क्रियाकर्म झालं. देह नाही म्हणून गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, त्याच्या छातीवर ती माती ठेवली आणि मला अग्नी द्यायला लावला.

मग बायकांनी वहिनीला बाजूला नेलं. दगडावर बांगड्या फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मी उठून नदीत पाण्यापर्यंत गेलो, पाठ करून उभा राहिलो. माझ्या एका शब्दावर एक बाई आज विधवा झाली.

परतताना वहिनीचं कपाळ मोकळं होतं. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती चुलीपुढे बसली, सगळ्यांना वाढलं, आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुमचे लय उपकार हायेत." मी ताट सरकवलं.

२ सप्टेंबर, बुलढाणा

विमलने आज माझी अक्कल काढली. मी म्हणत होतो की वहिनी फार सावरली, दुःखातला माणूस असा सावरत नाही. ती भाकरी थापता थापता थांबली.

"तुमाले काहीच कसं समजत नाही हो? वामनराव तीन साल झाले सिंधूबाईशी लगीन कराले वाट पाहून राह्यले. आत्याबाई कुकू पुसू देत नव्हत्या, मंग पाट कसा लागन? नवरा जित्ता असलेल्या बाईचा पाट लागते काय?"

मोताळ्याची ती खिडकी आठवली. माझा हात धरलेला त्यांचा हात. वडनेरच्या रस्त्यावर वहिनी विचारत होती ते. तीन वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घरातला शिकलेला मी तिची नवऱ्यावरची भक्ती म्हणत बसमध्ये रडत होतो.

ती माझ्याकडे नवऱ्याचं नाव मागत नव्हती. स्वतःची सुटका मागत होती. आणि मी बुड्या मारत होतो.

२३ सप्टेंबर, बुलढाणा

मायने होकार दिला. कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतर पाट लावायचा ठरला. माय म्हणाली म्हणे, "माह्या पोरानं तिथी जाऊन पाह्यलं, आता मी कोणत्या तोंडानं अडवू."

दोन दिवस मी बराच हलका होतो. लबाडी केली खरी, पण दादा गेलेला आहेच. तार खरी, सरकारी कागद खरा. तिथे गेलो असतो तरी हेच सांगितलं असतं. मग कोणाचं काय बिघडलं? उलट भलंच झालं. हे मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता ते वाक्य पाठ झालंय. खरं असतं तर एकदाच म्हणून भागलं असतं.

१३ ऑक्टोबर, बुलढाणा

धाड गावाहून एक म्हातारे आले. कडूबा नाव. अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला मळका रुमाल. बाजारात त्यांना कोणीतरी सांगितलं की बुलढाण्याचे बांधवाले साहेब इटलीला जाऊन शिपायांची नावं पाहून आले. त्यांचा दयाराम दादाच्याच पलटणीत होता. तो मेल्याचा कागद कधी आला नाही. बेपत्ता एवढाच आला.

"सायेब, तुम्ही सगळी नावं वाचली असतीन."

मी म्हणालो, "शेकडो होती, बाबा."

"हाव. पण आपल्या बोलीतलं नाव डोळ्यात भरते. दयाराम कडूबा. पाहा बरं आठवून."

विमलने त्यांना चहा दिला. त्यांनी बशी दोन्ही हातांनी धरली होती आणि चहा न पिता माझ्याकडे पाहत होते.

"हाय म्हणाल तरी चालते मले," ते म्हणाले. "नाही म्हणाल तरी चालते. दोन्ही चालते. बुढी मरून गेली वाट पाहून. मले आता नुसतं समजू द्या."

मी म्हणालो आठवत नाही, विचार करून सांगतो. ते म्हणाले, "हाव, करा इचार. मी येतो पुढच्या आठवड्यात." आणि उठून गेले. चहा तसाच होता.

मी आहे म्हणालो तर त्यांच्या पोराला मी मारतो. नाही म्हणालो तर त्याला जिवंत करतो. आणि मला तर काहीच माहीत नाही.

१९ ऑक्टोबर, बुलढाणा

दिवाळीचं घरात काही गोड लागलं नाही. विमलला आज सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "सिंधूबाईचा पाट लागू द्या आधी. मंग त्या बुढ्याले सांगा." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाली, "पण तो येणार उद्या."

२० ऑक्टोबर, बुलढाणा

कडूबा आले. मी त्यांना बसायला पाट दिला, त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. मी तिथे गेलोच नाही. दुसऱ्या समुद्रावर गेलो होतो, मजा करायला. एकही नाव मी वाचलेलं नाही, माझ्या भावाचंही नाही.

ते रागावतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना आधी समजलंच नाही. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे नाव नसूही शकते?"

"मला माहीत नाही, बाबा."

"हाव, पण नसूही शकते ना? म्हणजे अजून काही नक्की नाही."

जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. समजायला आलेला माणूस पुन्हा वाट पाहायला परत गेला, आणि तोही आनंदाने.

आज पलटणीच्या कचेरीला दोन्ही नावं लिहून पाठवली. जे उत्तर येईल ते घेऊन धाडला मी स्वतः जाणार, त्यांना इकडे यायला लावणार नाही.

कडूबा बाजारात बोलतील. का बोलू नये? आठवडाभरात वडनेरला पोचेल. त्याच्या आधी मी पोचलं पाहिजे.

२४ ऑक्टोबर, वडनेर भोलजी

माय ओसरीवर होती, वहिनी आत ज्वारी निवडत होती. मी वहिनीला बाहेर बोलावलं, दोघींना एकत्रच सांगायचं होतं. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "माय, मी दादाकडे गेलोच नाही. खोटं बोललो." मग कडूबांना खरं सांगावं लागलं तेही. एवढंच झालं.

माय उठली, भिंतीला धरत आत गेली, आणि कोनाड्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आली. वहिनीपुढे धरला.

"सिंधू, लाव."

वहिनी उभी होती. सुपातली ज्वारी हातातच.

"लाव म्हणतो ना. यानं पाह्यलंच नाही. मंग काऊन पुसलं आपण?"

"नाही लावत, आत्याबाई," वहिनी म्हणाली.

वीस वर्षांत तिने मायला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मायनेही नसावं. करंडा धरलेला तिचा हात तसाच राहिला.

"नाव पाह्यलं का नाही पाह्यलं, ते भाऊजी जानो," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तार आली त्या दिवशीच मले समजलं होतं. मी तुमच्यासाठी लावत होती. तुम्ही जेवा म्हणून. आता नाही लावत."

मग माझ्याकडे वळली.

"भाऊजी, मी तुमाले एकच गोष्ट मांगतली. कधी काही मांगतलं होतं काय? लहानपणी तुमाले ताप आला का रात रात बसली मी. एवढ्या दूर जाऊन तुम्ही तिथपर्यंत नाही गेले."

"वयनी, मी..."

"कोठी गेले होते?"

"दुसऱ्या समुद्रावर."

"काय होतं तथी?"

लिंबं होती, म्हणू? पाणी निळं होतं?

"काहीच नाही," मी म्हणालो. तेही खोटंच.

तिने सूप खाली ठेवलं. "कडूबाचं काम नसतं तर तुम्ही मले सांगतलं असतं काय?"

ती उत्तराला न थांबता आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. माय करंडा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून होती. रात्री भाकर वाढायला वहिनी आली, मायला वाढलं. माय तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहत राहिली. मी मनात म्हणत होतो, जेव, माय, जेव.

बऱ्याच वेळाने मायने भाकर मोडली.

१७ नोव्हेंबर, बुलढाणा

मोताळ्याला वामनरावांच्या घरी पाट लागला. मला निरोप वामनरावांकडून आला, वहिनीकडून नाही. गेलो. मागे उभा राहिलो. वहिनीने हिरवं लुगडं नेसलं होतं. तिने मला पाहिलं आणि नजर पुढे नेली. वामनरावांनी मला जवळ ओढून जेवायला बसवलं. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांच्या चांगुलपणाने मला आणखी लाज वाटली.

विमल म्हणते, होईल हळूहळू. मला वाटत नाही. आणि व्हावं असंही मी मागू शकत नाही.

१६ डिसेंबर, बुलढाणा

कचेरीचं उत्तर अजून नाही. परवा पुन्हा लिहिलं.

मायला इकडे आणून महिना होत आला. बोलते कमी. उन्हात बसते. विमलशी तिचं जमतं, माझ्याशी कामापुरतं. आज मी कचेरीतून लवकर आलो. शेजारी बसलो तर ती आपणहून म्हणाली, "माणक्या, त्या दुसऱ्या समुद्रावर काय होतं रे?"

"काही नाही, माय."

"आता काऊन खोटं बोलतं?"

मग सांगितलं. कड्यावरची बस, वळणावरचा भोंगा, डोंगरभर घातलेले दगडी बांध, साखर लावून दिलेलं लिंबू. खडकावरून मारलेली उडीही सांगितली. ती ऐकत होती. पोहलो म्हटल्यावर विचारलं, "पानी खोल होतं?"

"लय खोल. पण तळ दिसे."

ती पायाच्या बोटांशी काहीतरी करत बसली. मग म्हणाली, "तुले बरं वाटलं काय तिथी?"

एवढ्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

"हाव, माय," मी म्हणालो. "लय बरं वाटलं."

तिने मान हलवली. "मंग तसंच येऊन सांगाचं होतं ना बापू," ती म्हणाली. "मी काय नाही म्हटलं असतं?"